सही अभियंत्याची, पात्रता कोण तपासणार?

मे २०२१मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन राहत्या इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी २८ मेच्या दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचे प्राण गेले. दोन्ही इमारती नव्वदीच्या दशकातल्या. जुन्या इमारतींच्या तपासणीसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात २००९मध्ये कलम २६५-अ घालण्यात आले. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याचे बंधन त्या कलमाने मालकांवर व रहिवाशांवर घातले आहे. उल्हासनगरातील या इमारतींनी तीस वर्षे पुरी होण्याची वाटही पाहिली नाही. कायदा ज्या वयाला इमारत म्हातारी मानतो, ते वय गाठण्याआधीच त्यांनी मान टाकली.

अशा दुर्घटनेनंतर ठरावीक प्रश्न विचारले जातात. बांधणारा कोण होता, परवानगी कोणी दिली, हप्ता कोणी घेतला, पालिका झोपली होती काय? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे पडतो. तुळई किती जाडीची असावी, स्लॅबमध्ये सळई किती व कुठे असावी आणि काँक्रीटमध्ये कोणती वाळू चालेल, हे ठरविणाऱ्या माणसाचे शिक्षण काय होते? ते ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी, कोणत्या कसोटीवर दिला होता? आपल्या देशात या प्रश्नाला एक सरळ उत्तर देता येत नाही, ही चिंतेची बाब आहे.

तीन शहरे, एक चिंता

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच फाट्यावर ओळीने वसलेली शहरे. उल्हासनगर १९४९मध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून जन्मले. सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११च्या जनगणनेनुसार ५ लाख ६ हजार माणसे राहत होती. अंबरनाथची वाढ ऑर्डनन्स फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहतीच्या आधाराने झाली; तेथील लोकसंख्या त्याच जनगणनेत अडीच लाखांवर गेली. बदलापूर २००१मध्ये लाखाच्या आत होते. दहा वर्षांत ते पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचले. मुंबईत आणि ठाण्यातही घर परवडत नाही, अशा शिक्षकांनी, कारकुनांनी आणि कारखान्यांतील कामगारांनी हे शेवटचे शहर भरून टाकले. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पत्नीचे दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज यांतून उभी राहिलेली ही घरे आहेत. घर घेताना हा ग्राहक फरशी पाहतो, नळाला पाणी येते का ते पाहतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते मोजतो. भिंतीच्या आत काय आहे, हे त्याला पाहता येत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या सहीवर विसंबावे लागते.

या सहीचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६, म्हणजे लोक ज्याला ‘रेरा’ म्हणून ओळखतात तो कायदा, असे सांगतो की ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा आणि काम जसजसे पुढे जाईल, त्या प्रमाणातच तो काढावा. ही रक्कम काढण्यासाठी तीन जणांचे दाखले लागतात : वास्तुविशारद, सनदी लेखापाल आणि अभियंता. ग्राहकाच्या पैशांवर संसदेने हे तीन पहारेकरी नेमले, असे म्हणता येईल.

पण या तिघांची स्थिती सारखी नाही. सनदी लेखापालाच्या मागे १९४९चा कायदा आहे. ठरावीक परीक्षा आणि उमेदवारी पुरी केल्यावाचून त्याला सही करता येत नाही, आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर त्याचे नाव नोंदवहीतून काढले जाते. वास्तुविशारदाच्या मागे १९७२चा कायदा आणि वास्तुकला परिषद आहे. वकिलासाठी १९६१चा कायदा आहे. डॉक्टरांच्या नोंदणीची परंपरा तर त्याहूनही जुनी. अभियंत्याच्या मागे मात्र असा कोणताही राष्ट्रीय कायदा नाही. इमारत उभी राहील की पडेल हे ज्याच्या आकडेमोडीवर ठरते, त्याच्याच पात्रतेची देशपातळीवर वैधानिक नोंदवही नसावी, हा विरोधाभास नव्हे तर काय?

आज नियम काय सांगतो?

याचा अर्थ अगदी अराजक आहे, असा नव्हे. मुंबई व काही अपवाद वगळता महाराष्ट्रात डिसेंबर २०२०पासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीने तांत्रिक व्यक्तींची पात्रता ठरवून दिली आहे. या तिन्ही शहरांना तीच नियमावली लागू पडते. संरचना अभियंता म्हणून नाव नोंदवायचे तर स्थापत्य अभियांत्रिकीतील पदवी किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेचे त्या शाखेतील सभासदत्व, आणि त्याबरोबर संरचनेच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. पदव्युत्तर शिक्षण असेल तर ही मुदत दोन वर्षांवर आणि डॉक्टरेट असेल तर एका वर्षावर येते. त्याखाली पदविकाधारकांसाठी आणि आयटीआयमधून आरेखकाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांसाठी पर्यवेक्षकाच्या पायऱ्या आहेत; त्यांना लहान बांधकामांपुरते काम करता येते.

कागदावर ही रचना वाजवी दिसते. तिच्यातील उणिवा मात्र तीन आहेत आणि तिन्ही मूलभूत आहेत.

पहिली, अनुभवाचा पुरावा म्हणजे ज्याच्या हाताखाली काम केले त्याचा दाखला. तीन वर्षांत उमेदवाराने प्रत्यक्ष काय केले, किती पाये खणताना पाहिले, किती स्लॅब भरताना तो हजर होता, याची स्वतंत्र चाचणी कोणी घेत नाही. दुसरी, पदवी मिळविल्यानंतर परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. बावीस वर्षांच्या वयात उत्तीर्ण झालेल्या परीक्षेवर माणूस साठीपर्यंत सही करू शकतो. मधल्या काळात भूकंपविषयक मानके बदलली, काँक्रीटची संहिता बदलली, तरी त्याला कोणी विचारत नाही. तिसरी, परवाना पालिकेच्या हद्दीपुरता. एका शहराने एखाद्याचे नाव कमी केले, तर पुढच्या स्टेशनावरील पालिकेला ते आपोआप कळावे अशी देशव्यापी सोय नाही. हलगर्जीपणा लोकलने प्रवास करतो. शिस्त मात्र पालिकेच्या हद्दीवर थांबते.

पदवी आणि पात्रता

येथे पदवी आणि पात्रता यांमधील भेद ध्यानात घ्यावयास हवा. पदवी विद्यापीठ देते. विद्यार्थ्याने ठरावीक अभ्यासक्रम पुरा केला, एवढेच ती सांगते. पात्रता म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून इतरांचा जीव त्याच्या हाती सोपवता येईल, ही समाजाने दिलेली ग्वाही. वैद्यकशास्त्रात अंतिम परीक्षा आणि सही यांच्यामध्ये रुग्णालयातील उमेदवारीचे वर्ष येते. अभियांत्रिकीत पदवीच ग्वाहीचे काम करते, आणि सगळ्या पदव्या एका मोलाच्या नसतात. २०१४मध्ये भारत ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सभासद झाला. परंतु त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने त्या दर्जाची म्हणून मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, देशातील सरसकट सगळ्या महाविद्यालयांना नव्हे. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ या काळात पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा २०१७मध्ये न्यायालयाने त्या पदव्या स्थगित करून पदवीधरांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले. पदवीच्या कागदावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही, हेच त्यातून स्पष्ट झाले.

कायद्याने नुसते नाव राखून ठेवले तरी पुरत नाही. वास्तुविशारदांच्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये म्हटले की, त्या कायद्याचे कलम ३७ नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘वास्तुविशारद’ ही उपाधी लावण्यास मनाई करते. ते काम करण्यास मनाई करीत नाही. म्हणजे ज्या व्यवसायाला कायदा आहे, तेथेही पाटी सुरक्षित आहे, काम नाही. अभियंत्यांसाठी कायदा करताना ही फट आधीच ध्यानात ठेवावी लागेल.

दोन आक्षेप

या मागणीवर एक आक्षेप असा घेतला जाईल की, उल्हासनगरची दुखणी अनधिकृत बांधकामांची आहेत. जेथे नकाशाच मंजूर नव्हता, तेथे अभियंत्याच्या परवान्याने काय साधले असते? आक्षेपात तथ्य आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने शहरातील ८५५ बांधकामांवर हातोडा पडण्याची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारने २००६मध्ये खास उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करणारा कायदा केला. हजारो कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा होता. परंतु कायद्याने कागद नियमित होतो. सळईचा गंज नियमित होत नाही. अशी इमारत ठेवायची, दुरुस्त करायची की रिकामी करायची, हा निर्णय अखेर अभियंत्यानेच द्यावयाचा असतो. म्हणजे अनधिकृत बांधकामांच्या शहराला पात्र अभियंत्याची गरज कमी नाही, उलट अधिक आहे. मूळ नकाशा नाही, किती सळई घातली याची नोंद नाही, मजले मागाहून चढविलेले. अशा इमारतीची परीक्षा करणे हे नवी इमारत आखण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. तीन वर्षांच्या अनुभवाच्या दाखल्यावर ते पेलते काय, हा प्रश्न नियमावली विचारीतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख अंगावर मिरवीत आजही उभे आहे. ते घडविणाऱ्यांकडे कोणत्या विद्यापीठाची पदवी होती? पन्नास इमारती बांधलेल्या मुकादमाला कालचा पदवीधर काय शिकविणार? हा युक्तिवाद ऐकायला गोड वाटतो, पण तो दगड आणि काँक्रीट यांतील फरक विसरतो. दगडी बांधकामातील भार दगडावर दगड असा उतरतो. सांधा उकलला, दगड सरकला, तर तो डोळ्यांना दिसतो. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ताण पेलण्याचे काम आत दडलेली सळई करते. ती इंच-दोन इंच वर किंवा खाली बसली, तर बाहेरून काही कळत नाही. ताकद मात्र मोठ्या प्रमाणात घटते. खाडीची खारट वाळू न धुता वापरली, की तिच्यातील मीठ सळईला गंज चढविते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते, पोपडे सुटतात, आणि एखाद्या दिवशी वरचा स्लॅब खालच्यावर येतो. बांधल्यापासून पडेपर्यंत मध्ये वीस-पंचवीस वर्षे गेलेली असतात. इतक्या उशिरा फळ देणाऱ्या चुकीपासून मुकादम शिकूच शकत नाही. चूक उघडी पडते तेव्हा तो दुसऱ्या गावी गेलेला असतो. अनुभवाला शास्त्राची जोड लागते ती याच कारणासाठी.

इतरांनी काय केले?

जगात हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील वायोमिंग राज्याने १९०७मध्ये अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा केला. पाण्याच्या हक्कांसाठी सादर होणारे नकाशे वाटेल तो माणूस अभियंता म्हणून सही करून देत होता, हे त्याचे कारण. टेक्सासमध्ये १९३७ साली एका शाळेत गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. त्याच वर्षी तेथे असा कायदा झाला. आज अमेरिकेतील सर्वसाधारण वाट चार टप्प्यांची आहे : मान्यताप्राप्त पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली सुमारे चार वर्षांचे काम आणि अखेरची व्यावसायिक परीक्षा. त्यानंतरच त्याला स्वतःचा शिक्का मिळतो. मात्र कारखान्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला तेथे परवान्याची सक्ती नाही. बहुतेक राज्यांत लोकांच्या सुरक्षिततेची हमी देऊन सही करणाऱ्यालाच तो लागतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या हजारो तरुणांनी ‘आता आम्हालाही परवाना काढावा लागणार काय’ म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, ते यामुळेच.

दूरचे दाखले नको असतील, तर शेजारी पाहावे. पाकिस्तानने १९७६च्या कायद्याने आपल्या अभियांत्रिकी परिषदेला वैधानिक रूप दिले. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१च्या भूकंपात भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्या धड्यानंतर गुजरातने २००६मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीसाठी स्वतःचा कायदा केला. राज्याला हे करता येत नाही, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला राहिलेली नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी याच ठाणे जिल्ह्यात शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत पडून ७४ जण मृत्युमुखी पडले. धडा आपल्यालाही मिळाला होता. आपण तो गिरवला नाही.

शिडी काढून घेऊ नये

तथापि परवान्याची अट कडक करताना एक धोका टाळलाच पाहिजे. शिक्षणाची अट वाढली की तिचा पहिला फटका गरिबाला बसतो. अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गावात पाळी संपवून रात्री अभ्यास करणाऱ्या कामगारांसाठी ए.एम.आय.ई. ही परीक्षा म्हणजे पदवीला समकक्ष असा मोठा आधार होता. १९२०मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा महाविद्यालयाची फी न भरता, नोकरी न सोडता देता येई. तिला पदवीसमान मानण्याची केंद्राची मान्यता मात्र ३१ मे २०१३पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच राहिली. एकीकडे पदवीची अट, दुसरीकडे पदवीकडे नेणारी ही वाट बंद, असे झाले तर आयटीआय किंवा पदविका घेतलेला होतकरू मुलगा कायमचा दुसऱ्याच्या सहीसाठी नकाशे काढीत राहील. सहीसाठी नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, हा जो धंदा सगळीकडे कुजबुजीत बोलला जातो, त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे.

म्हणून कायद्याने शिडीची प्रत्येक पायरी शाबूत ठेवावी आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा ठेवावी. पर्यवेक्षकाला अनुभव आणि परीक्षेच्या बळावर वर चढता यावे. संध्याकाळच्या वर्गातून, अर्धवेळ अभ्यासक्रमातून पदवी मिळविण्याची सोय शासकीय संस्थांनी करावी. परीक्षा मराठीतून देता यावी आणि तिची फी कामगाराला परवडावी. कसोटी कठोर असावी. पण ती ज्ञानाची असावी, खिशाची नव्हे.

काय व्हावयास हवे?

२०२५मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदणीविषयीच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी पुढे ठेवला. असे मसुदे आपल्याकडे यापूर्वीही निघाले आणि फायलीत विसावले. या वेळी तसे होऊ नये. पदवी, देखरेखीखालील उमेदवारी, स्वतंत्र परीक्षा आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण, हे चार खांब त्या कायद्यात असले पाहिजेत. कोणाचाही परवाना खरा की खोटा, चालू की रद्द, हे सामान्य नागरिकाला फुकट पाहता येईल अशी नोंदवही हवी. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे रेराची नोंदणी मिळविल्याचे प्रकरण उघड झाले आहे. कागद पडताळून पाहण्याची सोय नसली म्हणजे काय होते, हे त्यावरून दिसते.

दिल्लीचा कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ व बदलापूर नगरपरिषदा यांना आपापल्या परवानाधारक अभियंत्यांची यादी, त्यांची पात्रता आणि त्यांनी दाखला दिलेल्या इमारती एकत्र करून फलकावर लावता येतील. एकाने नाव कमी केले तर दुसऱ्याने त्याची दखल घेण्याचा ठराव करता येईल. गृहनिर्माण संस्थांनाही वार्षिक सभेत तपासणीचा अहवाल वाचून दाखविण्याचा आणि तो देणाऱ्याची पात्रता विचारण्याचा अधिकार आहे. तो बजावताना संकोच वाटण्याचे कारण नाही. मुलाला शिकवणीला पाठविताना शिक्षकाची पदवी विचारणारा पालक आपल्या डोक्यावरचे छप्पर तपासणाऱ्याची पदवी मात्र विचारीत नाही, ही सवय बदलली पाहिजे.

येत्या काही वर्षांत या शहरांतील नव्वदीच्या दशकातल्या इमारती एकामागून एक तिसाव्या वर्षाची रेषा ओलांडतील. कायद्यानुसार त्यांच्या तपासणीचे दाखले मागितले जातील आणि ते दिलेही जातील. हे दाखले देणारे हात किती शिकलेले, किती कसाला उतरलेले आणि किती उत्तरदायी असावेत, हे आज ठरविता येते. पुढच्या दुर्घटनेनंतर ते ठरवू लागलो, तर या इमारतींत राहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग असणार नाही.